सहभाग कुणाचा, सही कुणाची?

सह्याद्रीचा विषय निघाला की आपल्याकडे ताबडतोब दोन फळ्या उभ्या राहतात. एका फळीला डोंगरातला माणूस म्हणजे हातात कुऱ्हाड घेतलेला गुन्हेगार वाटतो. त्याच्यापासून जंगल वाचवायचं तर नकाशावर रेघ मारून कडक बंदी घाला, एवढंच तिचं म्हणणं. दुसऱ्या फळीच्या मते ही रेघ म्हणजे गरिबाच्या चुलीत ओतलेलं पाणी. उद्या गोठा बांधायलाही दिल्लीचा कागद लागेल. 30 जुलै 2014 ला माळीणवर डोंगर कोसळून दीडशेवर माणसं गेली, तेव्हा हेच झालं. बरोबर दहा वर्षांनी, 30 जुलै 2024 ला वायनाडमध्ये डोंगर खाली आला आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राने पश्चिम घाटातल्या पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा सहाव्यांदा काढला. एकूण क्षेत्र सुमारे 56,800 चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचं 17,340. लगेच पुन्हा त्याच फळ्या, तीच वाक्यं. रेघ कुठून जावी यावर दहा वर्षं भांडलो. ती मारायची कुणी, हा प्रश्न मात्र दोन्हीकडच्यांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवला.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. जमीन, नदी, जंगल आणि त्यातली जीवसृष्टी यांचा कारभार खोऱ्याच्या पातळीवर, ग्रामसभांच्या पायावर उभा राहिला पाहिजे. तिथल्या लोकांकडे निर्णयाचा, पैशाचा आणि नकार देण्याचा अधिकार हवा. हे तिन्ही नसताना ‘लोकसहभाग’ हा शब्द वापरणं म्हणजे पंगतीला बोलावून फक्त पत्रावळी उचलायला लावणं.

या वादात माधव गाडगीळ समितीचं नाव घेतल्याशिवाय कुणाचं भाषण पुरं होत नाही, आणि ज्यांनी तिचा अहवाल वाचलेला नाही त्यांचं तर नाहीच नाही. पश्चिम घाट कसा राखायचा हे सुचवायला केंद्राने 2010 मध्ये नेमलेल्या या समितीने ऑगस्ट 2011 मध्ये अहवाल दिला. मंत्रालयाने तो दाबून ठेवला. माहिती अधिकाराची लढाई झाली, तेव्हा कुठे 2012 मध्ये तो लोकांसमोर आला. ‘सगळा घाट बंद करणारा अहवाल’ अशी त्याची बदनामी झाली. समितीने संपूर्ण घाट संवेदनशील मानला आणि त्याचे कमी-जास्त कडक असे तीन विभाग सुचवले, हे खरं. पण या विभागांच्या सीमा कच्च्या आहेत, सूक्ष्म पाणलोट आणि गावाची शीव बघून, स्थानिक लोकांशी बोलून त्या पक्क्या कराव्यात, हेही तिनेच लिहिलं होतं. ते कुणी वाचलं नाही. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली काही गावं तर आपण होऊन पुढे आली होती: आमचा भाग संवेदनशील जाहीर करा, आम्हाला खाणी नकोत. ‘स्थानिकांचा विरोध आहे’ असं टीव्हीवर सांगणाऱ्या नेत्यांना हे स्थानिक दिसले नाहीत. मग गाडगीळ अहवाल तपासायला कस्तुरीरंगन समिती आली. तिने 2013 मध्ये उपग्रहाच्या प्रतिमांवरून घाटाचे ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ असे दोन भाग पाडले आणि सुमारे 37 टक्के क्षेत्र संरक्षणासाठी वेगळं काढलं. तडजोड म्हणून तिचं कौतुक झालं. पण ज्याच्या दारातून रेघ गेली त्याला दोन्ही वेळा वर्तमानपत्रातूनच कळलं, आणि म्हणून दोन्ही वेळा त्याच्या कानात पहिली अफवा ज्याने सांगितली तो जिंकला.

यावर उत्तर ठरलेलं असतं: लोकांना विचारतो की! साठ दिवसांच्या हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो, समित्या नेमतो. जैवविविधता कायदा 2002 चा. त्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिने लोकांच्या माहितीतून लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. कल्पना उत्तम. पुढची बरीच वर्षं ती कागदावर राहिली. मग राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली, त्यानंतर राज्यांना महिन्याला 10 लाखांचा दंड लावायचं ठरवलं, आणि देशभर नोंदवह्यांचा पाऊस पडला. असली एक नोंदवही मी एका ग्रामपंचायतीत कपाटातून काढायला लावून पाहिली आहे. जाड कागद, रंगीत मुखपृष्ठ, आत झाडांची लांबलचक यादी. शेजारच्या गावची नोंदवही योगायोगाने त्याच गठ्ठ्यात होती. दोन्हींत झाडं तीच, क्रम तोच, शुद्धलेखनाची चूकही तीच. गावाला लागून नदीचा एक डोह आहे, पावसाळ्याच्या तोंडावर त्यात मासे चढतात आणि तेव्हा तिथे जाळं टाकायचं नाही असा जुना दंडक आहे. त्या डोहाचा उल्लेख शोधूनही सापडला नाही. शेवटच्या पानावर ग्रामसभेच्या मान्यतेचा रकाना होता. त्यात गोल शिक्का उमटलेला होता, ठराव क्रमांकाची जागा कोरी. समितीचे एक सदस्य तिथेच बसलेले होते. आपण सदस्य आहोत हे त्यांना त्या दिवशी समजलं.

यात एकट्या ग्रामसेवकाचा दोष काढणं सोपं आहे, पण रोग जुना आहे. 1878 च्या वन कायद्याने इंग्रजांनी रानं राखीव केली आणि तिथल्या चराईला, लाकूडफाट्याला ‘हक्क’ ऐवजी ‘सवलत’ म्हणायला सुरुवात केली. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्यात डोंगर, पडीक जमिनी, गायरानं गिळणाऱ्या या फॉरेस्ट खात्यावर कोरडे ओढलेत, आणि त्याच पुस्तकात माती-पाणी अडवायला ताली-बंधारे घाला असंही सांगितलंय. म्हणजे आजच्या भाषेत ते एकाच वेळी ‘स्थानिकांच्या बाजूचे’ आणि ‘पर्यावरणवादी’ होते. या दोन फळ्या तेव्हा अजून जन्मायच्या होत्या. बरं, इंग्रज गेले तरी सवय गेली नाही. पूर्व विदर्भातले मालगुजारी तलाव बघा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात गोंड राजांच्या काळापासून, मुख्यतः कोहळी समाजाच्या कसबातून, हजारो तलाव बांधले गेले. 1950 मध्ये मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, रद्द झाली. ती जायलाच हवी होती, मालगुजार काही संत नव्हते. पण तलाव गावाकडे न येता सरकारकडे गेले. पुढे पाणीपट्टी आली. तलाव सरकारचा, तर गाळही सरकारने काढावा, असं लोकांनी म्हटलं आणि पाळीची, नहराची वर्षानुवर्षं चाललेली दुरुस्ती थांबली. लोक आळशी झाले असा याचा अर्थ लावणारे अधिकारी मी ऐकले आहेत. भाड्याच्या घराला स्वतःच्या खर्चाने रंग कोण देतो?

आता समोरच्या बाजूचं बोलू, कारण तिच्याकडे खरे मुद्दे आहेत. पहिला मुद्दा: गाव म्हणजे काही आश्रम नाही. गावात जात आहे, भावकी आहे, ठेकेदार आहे, आणि बहुतेक वेळा तिन्ही एकाच वाड्यात राहतात. नदीत ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणारा गावचाच असतो. तीनशे वर्षांच्या देवराईतली झाडं विकून देवाला स्लॅबचं मंदिर बांधणारी समितीही गावचीच. ज्या तालुक्यांत टँकर फिरतो तिथेच ऊस उभा असतो आणि पाचशे-सहाशे फूट खोल बोअर मारणाऱ्याला कुणी गावाबाहेरून पाठवलेलं नसतं. ग्रामसभेची अवस्था तर विचारू नका. गणपूर्तीला मतदारांचे 15 टक्के किंवा 100 जण, जी संख्या कमी ती पुरते. तेवढेही जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग चावडीत सात माणसं बसून अख्ख्या गावाचा ठराव करतात. यांच्या हाती डोंगर द्यायचा?

हा प्रश्न मला खरोखर अडवतो. गावाचं भाबडं चित्र रंगवणाऱ्यांना मी तो नेहमी विचारतो. पण त्याच्या पोटात एक गृहीतक लपलेलं आहे: सामाईक गोष्ट लोकांवर सोडली की तिची माती होणारच. अमेरिकन परिसरशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिनने 1968 मध्ये हेच मांडलं आणि जगभरच्या सरकारी खात्यांना ते फार आवडलं. अमेरिकेच्याच अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉमने आयुष्यभर प्रत्यक्ष गावं, कालवे, कुरणं, मासेमारीचे किनारे तपासून दाखवलं की असं होतंच असं नाही. नियम लोकांनी स्वतः केलेले असतील, देखरेख करणारा त्यांना जबाबदार असेल आणि मोडणाऱ्याला शिक्षा होत असेल, तर सामाईक संपत्ती शतकानुशतकं टिकते. 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल तिला मिळालं. आपल्याला मात्र त्यासाठी स्टॉकहोमपर्यंत जायची गरज नव्हती, धुळ्यापर्यंत गेलो असतो तरी पुरलं असतं.

पांझरा नदीवरची फड पद्धत काही शतकं चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालचं रान तीन-चार फडांत वाटलेलं. एका हंगामात एका फडात एकच पीक. ऊस घ्यायचा तर आळीपाळीने, सगळ्या फडांत एकदम नाही. पाणी शेतकऱ्याने स्वतः फोडून घ्यायचं नाही, फडाने नेमलेल्या पाटकऱ्याने द्यायचं. पिकाची राखण जागल्याने करायची. त्यातली खरी मेख वेगळीच आहे. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. पाणी कमी पडलं की एखादा फड त्या वर्षी कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखाच. वरच्याने पाणी घेतलं आणि खालचा बोंबलत बसला, याला जागाच उरत नाही. हे करणारी माणसं आजच्या माणसांहून सज्जन होती का? अजिबात नाही, जागल्या ठेवावा लागत होता यातच सगळं आलं. लोभ त्यांनाही होता, फक्त तो आवरण्याची सोय त्यांच्याच हातात होती. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमध्ये पाणी पंचायत सुरू केली तिचाही नेम इथेच होता. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरवायचा नाही, घरातल्या माणसांवर ठरवायचा. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस बंद. गावातल्या विषमतेवर हा घाव वरून आलेल्या कुठल्या परिपत्रकाने घातला असता, ते मला कुणीतरी दाखवावं.

दुसरा आक्षेप पहिल्यापेक्षा जड आहे. गाव आपल्यापुरतं शहाणं असेलही, पण नदी गावापुरती नसते. वरच्या गावाने प्रत्येक ओघळ अडवला तर त्याचं गावतळं भरेल आणि खालच्याचा ओढा आटेल. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. वरदायिनी देवीच्या श्रद्धेपोटी तिथल्या डोहातल्या माशांना कुणी हात लावत नाही. फार सुंदर गोष्ट आहे ही. पण मासा काही कोंडाची हद्द ओळखत नाही. वर कुणी मासे मारायला जिलेटीनचा स्फोट केला तर देवीचा धाक तिथे कसा पोचणार? आणि मोठ्या पातळीवर जायचं तर गोदावरी आहेच. वर नाशिक-नगरची धरणं, खाली जायकवाडी. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, हे सूत्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशातून आलं, आणि दर तुटीच्या वर्षी त्यावर कोर्ट, मोर्चे, बंदोबस्त. नाशिकच्या ग्रामसभांना विचारलं असतं तर पाणी सुटलं असतं का?

नसतं सुटलं. म्हणूनच मी खोरं म्हणतोय. गाव हा पाया. पण त्यावर ओढ्याची, उपखोऱ्याची, खोऱ्याची सभा हवी, जिथे वरचा आणि खालचा एकाच सतरंजीवर बसतील. राजस्थानात अरवरी नदीकाठच्या सत्तरेक गावांनी गेल्या शतकाच्या शेवटी नदीची संसद भरवली: कुठली पिकं घ्यायची नाहीत, विहिरीतून किती उपसायचं, चराई कुठे बंद, असे नियम केले. कायद्याने तिला काडीचा अधिकार नाही, ही तिची मर्यादा. तो अधिकार दिल्यावर काय होतं ते नेदरलँड्समध्ये दिसतं. तिथली पाणी मंडळं तेराव्या शतकापासूनची, म्हणजे त्या देशाच्या सरकारपेक्षाही जुनी. त्यांची स्वतंत्र निवडणूक, स्वतःचा कर. आणि आपल्याकडे खोऱ्यांची संकल्पना नाही असं थोडंच आहे? 1996 ते 1998 या दोन-तीन वर्षांत कृष्णा, तापी, कोकण, विदर्भ आणि गोदावरी मराठवाडा अशी पाच खोरे महामंडळं आपण काढली. नावात खोरं, कामात धरणांची टेंडरं. कोळी, भोई, धनगर, खालच्या गावचा कोरडवाहू शेतकरी यांतलं कुणी त्यांच्या मंडळावर मतदानाने गेलंय? वाद मिटवायला खोऱ्याची लोकनियुक्त सभा नाही, म्हणून तो कोर्टात मिटतो, तोही फक्त पुढच्या तुटीपर्यंत.

तिसरा मुद्दा तज्ज्ञांचा आणि वेगाचा, आणि इथे मला फार वेळ घालवायचा नाही. लोकांना विचारत बसलो तर कामं कधी व्हायची, असं म्हणणाऱ्यांनी जलयुक्त शिवारकडे पाहावं. वेग होता, पोकलेन होते, आकडे होते. सुमारे 9,634 कोटी रुपये खर्च होऊन भूजल वाढवण्यात फारसा फरक पडला नाही, असं कॅगने 2020 मध्ये म्हटलं. नाला खोल आणि रुंद करणं म्हणजे पाणलोट विकास नव्हे, माथ्यापासून पायथ्याकडे यायचं असतं, हे भूजलाचे जाणकार ओरडून सांगत होते. म्हणजे तज्ज्ञांचंही ऐकलं नाही आणि लोकांचंही नाही. वेग आला तो फक्त यंत्राच्या भाड्याला. उलट भंडाऱ्याकडे काही तलावांवर ढिवर समाजातल्या बायामाणसांनी अभ्यासकांबरोबर बसून कुठल्या पाणवनस्पतीवर कुठला मासा अंडी घालतो याची उजळणी केली, बेशरम नावाचं तण उपटलं, गाळात देशी वनस्पती लावल्या, आणि हरवलेले देशी मासे परत येऊ लागले. तलावात रोहू-कटल्याची बोटुकली सोडली की मत्स्यविकास झाला, असं समजणाऱ्या योजनांना हे सुचलं नव्हतं. तज्ज्ञ हवेतच. त्यांनी सल्ला द्यावा, मोजमाप करावं, चूक होत असेल तर तोंडावर सांगावं.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने ही जुळणी कधीच करून दाखवली आहे. तिथे अभ्यासगट वेगळा, ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचे लोक येतात, बोलतात, वाद घालतात, निर्णय मात्र ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना माहीत आहे. तिच्यामागचा कंटाळवाणा भाग कमी जणांना माहीत असतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येईल असा जंगलातला माल, म्हटलं. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वनखात्याचाच लागत होता, आणि खातं तो देईना, कारण जुन्या कायद्याच्या लेखी बांबू हे झाड! वनस्पतिशास्त्रात तो गवत. शेवटी एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. मालक कोण हे त्या पुस्तकाने ठरवलं, हक्काच्या कागदाने नव्हे. बांबूचे पैसे गावाच्या खात्यात आले आणि त्यातलेच काही पुन्हा जंगलाच्या कामावर लागले. दिल्लीतल्या मंत्र्याला गवताच्या वाहतुकीसाठी इतक्या आत यावं लागतं, यावरून उरलेल्या गावांचं काय होत असेल याचा अंदाज करावा.

राहता राहिला नकाराचा अधिकार; त्याची सगळ्यांनाच भीती. एखाद्या गावाने उगाच आडमुठेपणा केला तर? करतीलही. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून ओडिशातल्या नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीवर मत दिलं, बाराच्या बारा नाही म्हणाल्या. त्यांचं चुकलं असं मानणारे तेव्हाही होते, आजही आहेत. समजा चुकलं. बॉक्साइट डोंगरात तसंच आहे, पुढच्या पिढीला हवं तर ती ठराव बदलेल. खाण झाली असती तर तिला काय बदलता आलं असतं? गावाची चूक बहुतेक वेळा दुरुस्त होते. सहावेळा मसुदा काढणाऱ्या यंत्रणेची चूक डोंगर खाली आल्यावर कळते. गावाचा शब्द शेवटचाच असावा असं मी म्हणत नाही. खालच्या गावांवर परिणाम होत असेल तर खोऱ्याच्या सभेने त्याला आडवं जावं, आणि सभाच चुकत असेल तर न्यायालय आहेच. पण पहिला शब्द गावाचा असावा, आणि तो त्याच्या भाषेत असावा. 2020 मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाने पर्यावरणाचं काय होईल ते तपासण्याच्या, नियमांच्या मसुद्याची भाषांतरं भारतीय भाषांत करा, असं सांगायला दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. जो कागद वाचताच येत नाही त्यावर हरकत कशी घेणार?

त्या ग्रामपंचायतीत निघताना मी विचारलं होतं, डोहाची नोंद आता घालता येईल का? वहीत शेवटी दोन-तीन कोरी पानं होती. समितीच्या सदस्यांना कल्पना पसंत पडली, त्यांनी डोहाचं नाव, जाळं न टाकण्याचे दिवस, तिथे चढणारे मासे असं सगळं बोलून दाखवलं, एका नावावर आपसांत थोडं भांडलेही. लिहायला पेन मागितलं तेव्हा ग्रामसेवकांनी वही हळूच मिटली. बदल करायचा तर वरून परवानगी आणावी लागेल, म्हणाले.